सकाळची धार

फुलपाड्यात वाढलेल्या माणसाला टंचाई म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पापडखिंडीचं धरण आमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, आणि तरी लहानपणी आमच्या नळाला पाणी यायचं ते ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. त्यामुळे गॅलरीत दोन निळी पिंपं, बाथरूममध्ये एक, स्वयंपाकघराच्या माळ्यावर टाकी. टंचाईवर इलाज एकच: येईल तेव्हा भरून ठेवा. हा इलाज जिथे चालतच नाही अशी टंचाई मी पहिल्यांदा पाहिली ती २०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर.

माझी भाची तेव्हा चार वर्षांची, वजन चौदा किलो. वर्षभरात तिला तिसऱ्यांदा तापासकट युरिन इन्फेक्शन झालं होतं आणि सोनोग्राफीत डावी किडनी उजवीपेक्षा किंचित लहान दिसली होती. विरारच्या डॉक्टरांनी डीएमएसए स्कॅन लिहून दिला. लघवी मूत्राशयातून उलटी वर चढत असेल तर प्रत्येक इन्फेक्शन किडनीवर एक व्रण ठेवून जाऊ शकतं. सोनोग्राफी आकार दाखवते. किडनीचा कुठला भाग अजून काम करतोय आणि दोघींपैकी कोण किती भार उचलतेय, हे हा स्कॅन दाखवतो. मुंबईतल्या एका केंद्रात बुधवारची वेळ मिळाली. जिजू बोईसरला केमिकल कंपनीत आहेत, त्यांनी शिफ्ट बदलून रजा टाकली. मंगळवारी संध्याकाळी फोन आला, "माल कमी आलाय, पुढच्या आठवड्यात बघू."

माल! ताई भडकली. मी उलटा फोन लावला तेव्हा पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "दादा, युरोपातली अणुभट्टी बंद आहे. सगळ्यांचंच तसं चाललंय." मी हे घरी सांगितलं. आजी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "तारापूर एवढं जवळ असताना पोरीच्या किडनीसाठी युरोपची भट्टी कशाला लागते?"

आजीचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे आणि आमच्या जिल्ह्यात अणुभट्टी म्हटलं की तारापूरच. पण ती भट्टी पाणी उकळून वाफ करते आणि टर्बाइन फिरवते. महिनोन्‌महिने मध्ये न उघडता चालावी अशीच तिची बांधणी. औषधाची भट्टी वेगळी. तिच्यात एखादा पदार्थ सोडायचा, न्यूट्रॉनच्या माऱ्यात काही दिवस ठेवायचा आणि वेळेवर बाहेर काढायचा. अशा संशोधन भट्ट्या आपल्याकडे ट्रॉम्बेला आहेत. एवढं सांगितल्यावर आजी म्हणाली, "मग ट्रॉम्बेहून आणा." याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी सॉफ्टवेअरवाला. इंजिनीअरिंगला पहिल्या वर्षी अर्धायुष्याचं एक गणित सोडवलं होतं, तेवढाच संबंध. पुढचे दोन महिने रात्री वाचत बसलो. हा लेख म्हणजे आजीला दिलेलं लांबलेलं उत्तर आहे असं समजा.

गंमत अशी की किडनीच्या तपासणीत किरणोत्सारी पदार्थ पहिल्यांदा आला तो टिकाऊ रूपात. १९५६ च्या सुमारास कॅलिफोर्नियात विंटर आणि टॅपलिन यांनी रेनोग्राम नावाची चाचणी पुढे आणली. पाठीवर दोन बाजूंना दोन डिटेक्टर लावायचे, किरणोत्सारी आयोडिन जोडलेलं औषध शिरेत द्यायचं, आणि दोन्ही किडन्या ते कसं उचलतात आणि कसं बाहेर टाकतात याच्या दोन रेषा कागदावर उमटताना बघायच्या. १९६० पासून त्यासाठी हिप्पुरान वापरात आलं आणि पुढे बरीच वर्षं तेच चाललं. आयोडिन १३१ चं अर्धायुष्य आठ दिवसांचं. म्हणजे हा माल पिंपात भरून ठेवता येण्यासारखा होता. सोमवारी आलेली बाटली पुढच्या सोमवारीही निम्मी शिल्लक.

पण जे बाटलीत टिकतं ते अंगातही टिकतं, आणि आयोडिन १३१ सोबत बीटा किरणंही सोडतं. त्यामुळे डोस अगदी चिमूटभर द्यावा लागे. तेवढ्यातून रेषा मिळत, चित्र मिळत नसे. किडनीचा वरचा कोपरा मेलाय की खालचा, हे दोन रेषांवरून कळणं शक्य नव्हतं.

चित्र दिलं ते टेक्नेशियमने. हे मूलद्रव्य १९३७ साली सिसिलीतल्या पालेर्मोत सापडलं. बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये भाजून निघालेला मॉलिब्डेनमचा पत्रा टपालाने मागवून एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांनी ते त्यातून शोधून काढलं. त्याचं जे रूप आज दवाखान्यात लागतं ते, टेक्नेशियम ९९एम, सेग्रे आणि सीबोर्ग यांना पुढच्याच वर्षी मिळालं. नंतर जवळजवळ वीस वर्षं त्याचं कुणाला काही पडलं नव्हतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन यांनी त्याचा जनरेटर बांधला, आणि त्यांचे सहकारी पॉवेल रिचर्ड्स 'हे डॉक्टरांनी वापरून बघा' म्हणत राहिले.

टेक्नेशियम बीटा किरणं जवळजवळ सोडत नाही. त्याचे गॅमा किरण कॅमेऱ्याला नेमके मानवतील अशा शक्तीचे असतात. आणि अर्धायुष्य सहा तास. रुग्णाच्या दृष्टीने उत्तम, कारण दुसऱ्या दिवशी अंगात नावापुरतं उरतं. भरपूर डोस देता येतो, म्हणून चित्र येतं. पुरवठ्याच्या दृष्टीने मात्र कठीण. सकाळी सहाला कुपीत १०० मिलिक्युरी असतील तर बाराला ५०, संध्याकाळी सहाला २५ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा. कुणी वापरलं नाही तरी. जगभरच्या न्यूक्लिअर मेडिसिनने चित्राच्या बदल्यात टिकाऊपणा देऊन टाकला, आणि तो सौदा योग्यच होता असं मला वाटतं. पण त्याची किंमत रोज सकाळी कुणीतरी मोजत असतं.

सहा तासांचा माल परदेशातून येणार कसा? तर तो स्वतः येत नाही, त्याची आई येते. मॉलिब्डेनम ९९ चं अर्धायुष्य ६६ तास, आणि ते विरताना टेक्नेशियम तयार होत राहतं. शिशाच्या जाड आवरणात अॅल्युमिनाची एक छोटी नळी, तिला मॉलिब्डेनम चिकटलेलं. वरून सलाईन सोडलं की टेक्नेशियम धुऊन खाली कुपीत उतरतं, मॉलिब्डेनम जागेवर राहतं. या धंद्यातले लोक त्याला गाय म्हणतात, आणि सलाईन सोडण्याला दूध काढणं. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: धार. सकाळी धार काढली की गाय पुन्हा भरायला लागते. सहा तासांत जवळपास निम्मी भरते, चोवीस तासांत पुरेशी. म्हणून माल कमी असला की केंद्रात दिवसातून दोनदा धार काढतात. एक सकाळी, एक दुपारी.

गाय मात्र आटत जाते. सोमवारी आलेली शुक्रवारी एक तृतीयांशाच्या थोडी वर असते, पुढच्या सोमवारी सहावा हिस्सा. या व्यापारात मॉलिब्डेनमचं मोजमाप 'सहा दिवसांची क्युरी' अशा एककात करतात: आज किती आहे ते नाही, कारखान्यातून निघाल्यावर सहा दिवसांनी किती उरेल ते मोजायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. उरणाऱ्या मालावर भाव ठरणारा दुसरा धंदा मला पटकन आठवत नाही. आमच्या वसई-विरार पट्ट्यातून पहाटेच्या लोकलने दादरला फुलं जातात, त्यांना हे गणित तोंडपाठ असेल; पण तिथेही भाव सकाळच्या फुलाचाच लागतो.

आता आजीचा ट्रॉम्बेचा प्रश्न.

ट्रॉम्बेला अप्सरा ही पहिली भट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला चालू झाली, १९६० मध्ये सायरस, १९८५ मध्ये ध्रुव. १९६३ साली परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर निघालं, जे आज टाटा स्मारक रुग्णालयाच्या अॅनेक्स इमारतीत आहे. म्हणजे भट्टी आणि रुग्ण दोन्ही एकाच शहरात, मधे एका गाडीचं अंतर. जगात फार थोड्या शहरांच्या वाट्याला हे आलं असेल. तरी एक अडचण होती. मॉलिब्डेनम ९९ मिळवायच्या वाटा दोन. एक, युरेनियमचे अणू फोडायचे आणि त्या राखेतून ते वेचायचं. युरेनियम २३५ च्या शंभर फुटींमागे सुमारे सहा वेळा ते हाती लागतं. हा माल अतिशय दाट असतो, चिमूटभरात भरपूर ताकद. कॅनडा, नेदरलँड्स, बेल्जियम, दक्षिण आफ्रिका यांनी ही वाट धरली. ती महाग आणि खूप किरणोत्सारी कचरा मागे ठेवणारी. दुसरी वाट साधी: बाजारातलं मॉलिब्डेनम ऑक्साइड भट्टीत ठेवायचं. त्यातले चोवीस टक्क्यांच्या आसपास अणू योग्य जातीचे, आणि त्यांतले अगदी थोडे न्यूट्रॉन गिळून ९९ होतात. कचरा जवळजवळ नाही, पण माल पातळ. एवढं सगळं साधं मॉलिब्डेनम सोबत घेऊन येतं की त्या छोट्या नळीला ते पेलवत नाही. नळी मोठी केली तर धुऊन निघणारं टेक्नेशियम इतकं पाणीदार होतं की इंजेक्शनला उपयोगी पडत नाही.

ट्रॉम्बेने ही दुसरी, पातळ वाट घेतली, आणि ती चालवून दाखवण्यासाठी नळीच काढून टाकली. मॉलिब्डेनमचं अल्कधर्मी द्रावण घ्यायचं, त्यात मिथाइल इथाइल कीटोन घालून हलवायचं आणि स्थिर होऊ द्यायचं. वरच्या थरात टेक्नेशियम निघून येतं, खाली मॉलिब्डेनम राहतं. वरचा थर काढून घ्यायचा, अॅल्युमिनातून गाळायचा, कीटोन उडवून लावायचं आणि तळाशी उरलेलं न दिसणारं टेक्नेशियम सलाईनमध्ये उचलायचं. खालचं द्रावण उद्या पुन्हा वापरायला तयार. मी हे जिजूंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एमईके? अरे, ते आमच्याकडे ड्रमने येतं. थिनरसारखा वास." तेच ते. रंग आणि गोंदांच्या कारखान्यातला द्रवपदार्थ वापरून भारतातल्या कितीतरी रुग्णालयांनी अनेक वर्षं रोज सकाळी आपलं टेक्नेशियम हातांनी काढलं. फ्यूम हूडमागे, शिशाच्या विटांआड, एक तंत्रज्ञ आणि त्याच्या हाताची सवय.

यावर 'भारतीय जुगाड' असं शीर्षक टाकून एखादा व्हिडिओ निघू शकेल, म्हणून आधीच सांगतो, मला तो शब्द इथे मान्य नाही. जुगाडात कोपरे कापलेले असतात. इथे उलट काम वाढलं होतं. आयती गाय घेणाऱ्याचं जे पाच मिनिटांत होतं त्याला इथे तासाभराची मेहनत, आणि कीटोनचा अंश राहिला का, मॉलिब्डेनम सोबत आलं का, हे रोज तपासायचं. पैसे वाचले, परकीय चलन वाचलं, परदेशी भट्टीवरचं अवलंबन वाचलं. त्या बदल्यात माणसाचा वेळ आणि कौशल्य गेलं. पुढे दाट मॉलिब्डेनम परदेशातून आणून त्याच्या आयत्या गाई देण्याची सोय झाली. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या, वाशीच्या 'ब्रिट'नेही, म्हणजे बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजीने, कोलटेक नावाने असा जनरेटर दिला. तेव्हा रुग्णालयं हळूहळू तिकडे वळली. त्यांना दोष देता येत नाही. सकाळी साडेसहाला थिनरच्या वासात उभं राहण्यापेक्षा बटण दाबणं कुणालाही बरं वाटेल. पण आजीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे: ट्रॉम्बेहून आणता येतं, वर्षानुवर्षं आणलं, आणि मग आपण सोयीसाठी युरोपच्या रांगेतही जाऊन उभे राहिलो.

ती रांग किती नाजूक आहे हे २००९ मध्ये कळलं. मे महिन्यात कॅनडातल्या चॉक रिव्हरची एनआरयू भट्टी जड पाण्याच्या गळतीमुळे बंद पडली ती पुढच्या ऑगस्टपर्यंत. मधेच, फेब्रुवारी २०१० मध्ये, नेदरलँड्समधल्या पेटनची भट्टी दुरुस्तीसाठी थांबली ती सप्टेंबरपर्यंत. जगाच्या मॉलिब्डेनमचा मोठा हिस्सा या दोन भट्ट्यांतून यायचा, आणि दोघी एकाच वेळी आजारी. त्यात एप्रिलमध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपची विमानं जमिनीवर आणली. एनआरयूचा जन्म १९५७ चा, पेटनचा १९६१ चा, म्हणजे साधारण आपल्या सायरसच्याच पिढीतल्या. आणि सायरस? तीही ३१ डिसेंबर २०१० ला कायमची बंद झाली. मार्च २०२० मध्ये भट्ट्या चालू होत्या पण विमानं बंद; आणि आमच्या विरार लोकलसुद्धा. त्या मे महिन्यात केंद्र सरकारने वैद्यकीय समस्थानिकांसाठी खाजगी भागीदारीतून नवी संशोधन भट्टी उभारण्याची घोषणा केली. २०२४ च्या ऑक्टोबरात पुन्हा पेटनच: दुरुस्तीनंतर सुरू करायच्या वेळी एका पाइपचा आकार बिघडलेला आढळला आणि सुरुवात पुढे गेली. ताईला आलेला फोन त्याच आठवड्यांतला.

टंचाईच्या काळात हृदयाच्या तपासणीला थॅलियम वापरता येतं, हाडांच्या स्कॅनला पेट मशीन आणि फ्लोरिन चालतं. दोन्हींना पर्याय आहेत, महाग असले तरी. किडनीला तसा सोपा पर्याय नाही. कुठल्या किडनीचा कामातला वाटा किती, हे सांगणारी सहज चाचणी टेक्नेशियमचीच. किडनी दान करणाऱ्या माणसाची कुठली काढायची आणि कुठली ठेवायची, अडलेल्या नळीचं ऑपरेशन आत्ता करायचं की थांबायचं, हे निर्णय तिच्यावर असतात. म्हणून किडनीवाल्यांनी थोड्यात भागवायच्या युक्त्या सगळ्यांत जास्त शिकून घेतल्या.

नुसतं टेक्नेशियम किडनीत जात नाही. त्याला वाट दाखवणारा रेणू लागतो: गाळण मोजायची तर डीटीपीए, कामाचा ओघ बघायचा तर मॅग३ किंवा ईसी, आणि व्रण शोधायचे तर डीएमएसए. हे रेणू थोड्या कथिलाच्या क्षारासोबत गोठवून वाळवलेल्या पुडीच्या रूपात कुपीत येतात. त्याला किट म्हणतात. सकाळची धार त्यात घातली की कथील टेक्नेशियमला जोडणीयोग्य करतं आणि औषध तयार. पाश्चात्त्य देशांत मॅग३ चा बोलबाला. ते करायला बहुधा कुपी उकळत्या पाण्यात ठेवावी लागते. आपल्याकडे ईसी रुळलं. ते बेल्जियममधल्या लूवेनचं. मेंदूच्या स्कॅनसाठी केलेल्या एका औषधाचं शरीरात जे रूपांतर होतं ते किडनी झपाट्याने बाहेर टाकते, हे बघून त्या रूपांतरालाच औषध केलेलं. ते खोलीच्या तापमानाला जोडलं जातं.

गोची अशी की एका किटमध्ये बऱ्याच रुग्णांना पुरेल इतका रेणू असतो, पण धार घातल्यापासून तो काही तासच चांगला राहतो. मोठ्या रुग्णालयात दहा रुग्ण रांगेत असतात, तिथे ठीक. छोट्या केंद्रात दिवसाला एक डीएमएसए, कधी दोन. उरलेलं ओतून द्यायचं? म्हणून किटचे भाग करायची रीत पडली. प्राणवायू काढून टाकलेल्या सलाईनमध्ये पूड विरघळवायची, चार-पाच निर्जंतुक कुप्यांत वाटायची, हवेऐवजी नायट्रोजन भरायचा आणि उणे वीस अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या. रोज एक कुपी बाहेर. हे टेक्नेशियमच्या बाबतीत कधीच करता येत नाही. पण त्याच्या जोडीदाराला मात्र पिंपात भरून ठेवता येतं! हे वाचलं तेव्हा मला फुलपाड्याचा माणूस म्हणून फार बरं वाटलं.

यातला शत्रू हवा. थोडा प्राणवायू आत गेला की कथील खलास, आणि कथील कमी पडलं की टेक्नेशियम मोकळं राहतं. मोकळं टेक्नेशियम किडनीऐवजी थायरॉइडमध्ये आणि जठरात जाऊन बसतं. डीएमएसएचं तर आणखी विचित्र: आम्लता चुकून अल्कधर्माकडे गेली तर तोच रेणू टेक्नेशियमला वेगळ्या रीतीने धरतो आणि किडनी सोडून थायरॉइडच्या एका जातीच्या कर्करोगाकडे वळतो. म्हणून भाग केलेल्या प्रत्येक कुपीची चाचणी लागते. कागदासारख्या पट्टीवर एक थेंब ठेवायचा, पट्टीचं टोक अॅसिटोनमध्ये किंवा त्याच एमईकेमध्ये बुडवायचं. मोकळं टेक्नेशियम द्रावाबरोबर वर पळतं, जोडलेलं जागेवर राहतं. काही मिनिटांचं काम. ते टाळणाऱ्याने किटचे भाग करू नयेत. किटसोबतच्या माहितीपत्रकात ही वाटणी नसते, ती करणाऱ्याच्या जबाबदारीवर असते.

आणखी एक गोष्ट मला पटायला वेळ लागला. शनिवार-रविवार धार न काढलेल्या गाईतून सोमवारी जे येतं त्यात विझलेलं टेक्नेशियमही बरंच साचलेलं असतं. रासायनिकदृष्ट्या ते जिवंतासारखंच, म्हणून तेही कथील खातं. भाग केलेल्या कुपीत कथील आधीच कमी. मग सोमवारी चांगलं औषध हवं असेल तर रविवारी कुणीतरी केंद्रात येऊन धार काढायची आणि ती टाकून द्यायची. ऐन टंचाईत!

उरला रांगेचा प्रश्न, आणि तो माझ्या ओळखीचा निघाला. सॉफ्टवेअरमध्ये याला शेड्युलिंग म्हणतात. हाडांच्या स्कॅनला मोठ्या माणसाला २० मिलिक्युरी लागतात. ते सकाळी सातला टोचले तर सातच्या मालातले २० गेले. दुपारी एकला टोचले तर सातच्या मालातले ४० खर्ची पडले. म्हणून मोठे डोस आधी. शिवाय हाडांना टोचल्यावर तीनेक तास थांबावं लागतं, त्यामुळे सगळ्यांना एकदम टोचून बसवता येतं. डीटीपीए आणि ईसीला थांबणं नाही. रुग्ण कॅमेऱ्याखाली झोपलेला असतानाच टोचायचं आणि पुढची वीस-तीस मिनिटं बघत राहायचं, म्हणून ते एकामागून एक, हाडंवाले बसलेले असताना. डीएमएसए पुन्हा दोन-तीन तास थांबणाऱ्यांतला. मी एका रात्रीत याचा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि खूश झालो. नंतर तिथल्या तंत्रज्ञांना तो मोबाइलवर दाखवला. त्यांनी टेबलावरची वही पुढे केली. त्यात पेन्सिलीने तोच क्रम होता, फक्त त्यांनी एक चहाही धरला होता.

पुढच्या मंगळवारी आम्ही गेलो. विरारहून पहाटेची फास्ट, भाची ताईच्या मांडीवर झोपलेली. प्रतीक्षालयात खानदेशातून आलेले एक काका होते, प्रोस्टेटचा कर्करोग, हाडांत पसरलाय का ते बघायला आलेले. कल्याणला नातेवाइकांकडे उतरले होते. त्यांना सांगितलं गेलं, उद्या या. आम्हाला आत घेतलं.

मी तंत्रज्ञांना विचारलं, हे कसं ठरतं? ते म्हणाले, "दहा दिवसांचा जनरेटर आहे. पाचशेचा आला होता, आज चाळीस असेल. हाडांचा एक सकाळीच घेतला, दुसऱ्याला पुरत नाही. हिचं वजन चौदा किलो. हिला ०.७ लागतात." मी मनात भागाकार केला. काकांच्या एका डोसमध्ये अठ्ठावीस मुलं बसतात. माझी भाची जास्त आजारी होती म्हणून आत गेली नव्हती, ती लहान होती म्हणून गेली. काकांचा प्रश्न तिच्याहून कमी गंभीर नव्हता. बहुधा जास्तच होता. आमच्या बुधवारी आम्हाला नाही म्हणालेल्या केंद्रावर मी आठवडाभर चिडलो होतो. आता होकार मिळाल्यावर बाहेर बसलेल्या काकांकडे बघवेना.

इंजेक्शननंतर तीन तास. बागेत नेलं, पाणी पाजलं, इडली खाल्ली. मग कॅमेरा. डोस कमी दिला की चित्र काढायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मूल हललं की सगळं वाया. मोठ्यांच्या टंचाईतली काटकसर अशी शेवटी मुलाच्या स्वस्थ पडून राहण्यावर येऊन थांबते. गुंगीचं औषध ताईला नको होतं. तिने भाचीच्या दोन्ही हातांना रुमाल गुंडाळला आणि आजीची एक गोष्ट सांगायला घेतली, माकडाची, फार लांबवून. माकड झाडावर चढायलाच दहा मिनिटं लागली. पडद्यावर हळूहळू ठिपके जमत गेले आणि दोन घेवड्याच्या दाण्यांसारखे आकार दिसायला लागले. डावा थोडा लहान, आणि त्याच्या वरच्या टोकाला एक खाच.

रिपोर्टमध्ये डावी ४१, उजवी ५९, डावीच्या वरच्या भागात व्रण. पंचेचाळीस ते पंचावन्नमध्ये असतं तर बरं होतं, पण डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. रोज रात्री कमी मात्रेचं अँटिबायोटिक, आणि काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन. व्रण वाढतोय का, तेवढं बघायचं.

निघताना तंत्रज्ञांनी ताईला सांगितलं की आज भरपूर पाणी, लघवीला वरचेवर न्या, हात नीट धुवा, उद्या सकाळपर्यंत सोळाव्या हिश्शाहूनही कमी राहील. काका दारात उभे होते, फोनवर कुणाला तरी उद्या पहिला नंबर असल्याचं सांगत. ताईने पुढच्या स्कॅनची तारीख आत्ताच मिळेल का विचारलं.

"तारीख लिहून देतो ताई," ते वही उघडत म्हणाले, "पण आदल्या दिवशी संध्याकाळी एक फोन करा."